पिशवी काढण्याआधी: पाळीतील अतिरक्तस्रावाचे निदान आणि उपचार

मराठवाड्यात पाळीच्या वेळी फार रक्त जाण्याचा त्रास असलेल्या बायकांच्या हकिकती ऐकल्या, तर त्यांतल्या अनेकींचा प्रवास जवळजवळ सारखाच असतो. आधी कित्येक वर्षे दुखणे अंगावर काढले जाते, मध्येमध्ये मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर दिवस ढकलले जातात, आणि मग एके दिवशी सोनोग्राफीचा कागद समोर ठेवून कोणीतरी सांगते की पिशवी खराब झाली आहे, आता काढूनच टाका. या दोन टोकांच्या मध्ये तपासण्यांचे आणि औषधोपचारांचे बरेच टप्पे आहेत, त्यांतले अनेक उपाय स्वस्त आहेत, आणि ते नीट केले तर पुष्कळ जणींना शस्त्रक्रियेची वेळ येत नाही. हा लेख त्या मधल्या टप्प्यांविषयी आहे.

जास्त म्हणजे किती, हा पहिला प्रश्न. सर्वसाधारण पाळीत एकूण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि ८० मिलिलिटरच्या वर गेल्यास तो अतिरक्तस्राव, अशी जुनी व्याख्या आहे. पण घरी कोणी रक्त मोजत नाही, त्यामुळे आता डॉक्टर वेगळ्या रीतीने विचार करतात. ज्या रक्तस्रावामुळे स्त्रीचे काम, झोप, प्रवास, संसार आणि मन यांवर परिणाम होतो, तो जास्तच समजायचा, मग मिलिलिटरचा आकडा काहीही असो. व्यवहारात काही खुणा उपयोगी पडतात. दर तासा-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावे लागणे, एकावर एक दोन पॅड घ्यावे लागणे, रात्री बदलण्यासाठी उठावे लागणे, अंथरूण खराब होणे, अडीच सेंटीमीटरच्या म्हणजे साधारण दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणे, यांपैकी काहीही दर महिन्याला होत असेल तर ते तपासून घेण्याजोगे आहे. पाळी आठ दिवसांहून अधिक लांबत असेल, किंवा दोन पाळ्यांच्या सुरुवातींमधले अंतर २४ दिवसांहून कमी होत असेल, तर तेही नेहमीचे समजू नये. आईला असेच व्हायचे, मोठ्या बहिणीलाही होते, म्हणून ते ठीकच आहे, हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. त्यातून एवढेच सिद्ध होते की आईवर आणि बहिणीवरही उपचार झाले नाहीत.

मोजण्यासाठी डॉक्टर एक सोपा तक्ता वापरतात. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. किंचित डागलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०, लहान गाठीला १ आणि मोठ्या गाठीला ५, अशी एका पाळीची बेरीज करायची. ती १०० च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त असण्याची शक्यता मोठी असते. ज्या बायका सुती कापड वापरतात, त्यांना हा तक्ता जसाच्या तसा लागू पडत नाही, पण दिवसातून किती वेळा बदलले, गाठी पडल्या का आणि कामाचा किती दिवस खोळंबा झाला, एवढे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन-तीन महिने लिहून ठेवले तरी डॉक्टरांना पुष्कळ कळते. लिहिता येत नसेल तर लेकीला किंवा आशाताईंना लिहायला सांगावे. तपासणीच्या खोलीत मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत "लई अंगावरून जातंय" एवढेच सांगितले, तर त्यातून डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही.

रक्त जास्त का जाते, हे समजण्यासाठी पाळी कशी येते ते थोडक्यात पाहू. गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर एक अस्तर असते. महिन्याच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, ते अस्तर वाढवते. मध्यावर बीजकोशातून बीज बाहेर पडले की दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, तयार होऊ लागते आणि ते या अस्तराची वाढ थांबवून त्याला स्थिर करते. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉनची पातळी एकदम उतरते, अस्तर एकसाथ सुटते, आणि रक्तवाहिन्या आकसून व रक्त गोठून काही दिवसांत स्राव थांबतो. बीजच बाहेर पडले नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग उसाला खत-पाणी मिळतच राहिले आणि तोडणी आलीच नाही, की ऊस जसा वाढून वाढून कुठे कुठे आपोआप लोळतो, तसे ते अस्तर वाढत राहते आणि इथून थोडे, तिथून थोडे असे अनियमितपणे सुटू लागते. दोन-अडीच महिने पाळी येत नाही आणि आली की वीस दिवस थांबत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये, चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत, पीसीओएस (बीजकोशांच्या कामात बिघाड होऊन पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्यांमध्ये आणि थायरॉईडच्या विकारात हे घडते.

याखेरीजही कारणे आहेत. गर्भाशयाच्या आतल्या बाजूस वाढलेली फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची, गाठ रक्तस्राव वाढवते. बाहेरच्या बाजूची तेवढीच गाठ कित्येकदा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे गाठ आहे एवढ्याने काही ठरत नाही, ती कुठे आहे आणि केवढी आहे यावर सारे अवलंबून असते. अस्तराला लोंबणारा मऊ कोंब, म्हणजे पॉलिप, हे आणखी एक कारण. अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरल्या, तर अॅडिनोमायोसिस होतो, आणि त्यात रक्ताबरोबर वेदनाही फार असतात. पाळी सुरू झाल्यापासूनच रक्त जास्त जात असेल, हिरड्यांतून किंवा नाकातून वरचेवर रक्त येत असेल, बाळंतपणात किंवा दात काढल्यावर रक्त थांबले नसेल, तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोष शोधावा लागतो. वॉन विलेब्रँड हा त्यातला सर्वाधिक आढळणारा विकार आहे, आणि तो असलेल्या मुलीला अनेक वर्षे नुसत्या टॉनिकवर ठेवले जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि तांबी यांमुळेही स्राव वाढतो. नसबंदीच्या ऑपरेशनमुळे पाळी बिघडते असे आपल्याकडे सर्रास मानले जाते, मात्र मोठ्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. बहुधा ऑपरेशनच्या सुमारास गर्भनिरोधक गोळ्या बंद होतात किंवा पुढे वय वाढते, आणि त्याचा दोष ऑपरेशनवर येतो. कर्करोग किंवा अस्तराची कर्करोगपूर्व वाढ हे कारण तरुण वयात क्वचित असते, पण वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. म्हणूनच पंचेचाळिशीच्या पुढे, किंवा त्याआधीही वजन फार असेल, पीसीओएस असेल किंवा औषधाने फरक पडत नसेल, तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात.

सोनोग्राफीच्या अहवालातला "बल्की युटेरस" हा शेरा आपल्याकडे "पिशवीला सूज" म्हणून सांगितला जातो आणि घरात घबराट उडते. गर्भाशय नेहमीपेक्षा थोडे मोठे दिसते, एवढाच त्याचा अर्थ आहे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईत ते स्वाभाविकही असू शकते. नुसत्या या शेऱ्यावर, किंवा पांढरे जाते, कंबर दुखते या तक्रारीवर गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा औषधांनी इलाज होतो.

आता रक्तक्षयाचा हिशेब पाहू, कारण बाईला खरा मार बसतो तो इथे. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीत १०० मिलिलिटर रक्त गेले तर ५० मिलिग्रॅम लोह गेले. शरीराचा रोजचा नेहमीचा व्यय सुमारे एक मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याचा तीस. गरज अशी ८० मिलिग्रॅमची झाली, आणि आपल्या भाकरी-भाजीच्या जेवणातून आतड्याला दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषता येते. महिन्याचे खाते दर वेळी तोट्यात जाते, साठा संपतो, आणि मग हिमोग्लोबिन उतरू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याला आहारापासून जंतांपर्यंत अनेक कारणे आहेत, परंतु अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला पाळीविषयी विचारलेच नाही तर एक मोठे कारण नजरेतून सुटते.

हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. चालताना दम लागणे, छातीत धडधडणे, केस गळणे, माती किंवा खडू खावासा वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. हिमोग्लोबिन नीट असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो आणि तो फेरिटिन या तपासणीत कळतो. पालेभाज्या, बाजरी, तीळ, कारळे, शेंगदाणे आणि गूळ जरूर खावे, चालत असेल तर मांस आणि काळीज खावे, पण एकदा रक्तक्षय झाला की नुसत्या आहाराने तो भरून येत नाही, गोळ्या लागतातच. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्यावी, चहा तिच्या आधी-नंतर तास-दोन तास टाळावा आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळे होणे अपेक्षित आहे, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेऊनही लोह चांगले शोषले जाते, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, कारण साठा नंतर भरतो. रक्तक्षय तीव्र असेल किंवा गोळ्या पचतच नसतील तर शिरेतून लोह देतात, आणि अगदीच कमी असेल तर रक्त चढवतात. मात्र रक्तस्राव तसाच ठेवून नुसते रक्त चढवत राहणे हा उपचार नव्हे.

पहिल्या भेटीत साधारणपणे गर्भधारणेची चाचणी, हिमोग्लोबिनसह रक्ततपासणी, गरजेनुसार थायरॉईड व रक्त गोठण्याच्या चाचण्या, पोटाची किंवा योनीमार्गातून सोनोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते. गर्भधारणेच्या चाचणीने काही जणींना संकोच वाटतो, पण गर्भपात किंवा नळीतला गर्भ हेही रक्तस्रावाचे कारण असते आणि ते ओळखायला उशीर झाला तर जिवावर बेतते.

उपचारांची सुरुवात बहुधा गोळ्यांनी होते. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे त्यांतले महत्त्वाचे औषध. उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या जपानी शास्त्रज्ञ दाम्पत्याने १९६२ मध्ये ते जगापुढे आणले. तयार झालेली रक्ताची गुठळी लवकर विरघळू नये, एवढेच काम ते करते. ते संप्रेरक नाही, म्हणून मुलीला दिले तर पुढे मूल होण्यात अडचण येईल ही भीती निराधार आहे. फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत, साधारण चार-पाच दिवस ते घ्यायचे असते आणि स्राव जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल तर ते चालत नाही. मेफेनॅमिक अॅसिड पोटदुखी थांबवते आणि रक्तस्रावही साधारण पाव ते एकतृतीयांश कमी करते, पण ते उपाशीपोटी घेऊ नये आणि पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

संप्रेरकांच्या गोळ्यांपैकी नॉरएथिस्टेरॉन आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची आहे, कारण पाळी पुढे ढकलायला तीच वापरतात. महालक्ष्म्यांचा सण, नवरात्रात तुळजापूरला जाणे, घरचे लग्न, यांसाठी ती चिठ्ठीशिवाय मागितली जाते आणि दिलीही जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी चांगले काम करते आणि वाहणारे रक्त थांबवते; फक्त गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा पाळीसारखा स्राव होतो, ते औषध फसल्याचे लक्षण नाही. त्रास आहे तो स्वतःच्या मनाने वारंवार घेण्यात, कारण मूळ कारण झाकले जाते आणि पाळीची खरी लय कोणालाच कळेनाशी होते. ऑर्मेलॉक्सिफेन हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले औषध "छाया" या नावाने शासकीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात मोफत मिळते. वेगळ्या मात्रेत ते अतिरक्तस्रावावरही देतात, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

दीर्घकाळ उपयोगी पडणारा आणि तरीही आपल्या भागात फारसा न सुचवला जाणारा उपाय म्हणजे संप्रेरक असलेली तांबी. नावात तांबी असली तरी तिच्यात तांबे नसते. ती गर्भाशयात बसवल्यावर लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक थोडे थोडे सोडते, अस्तर पातळ राहते आणि वर्षभरात रक्तस्राव ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. ती निदान पाच वर्षे टिकते आणि काढल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. अडचण आहे ती सुरुवातीची: पहिले तीन ते सहा महिने मधूनच थेंब थेंब रक्त दिसत राहते, आणि हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून ती काढायला लावते. काहींची पाळी पुढे जवळजवळ बंद होते. अस्तर पातळ राहिल्याने तसे होते. रक्त आत साचत नाही आणि अंगात घाणही राहत नाही, हे सासूबाईंनाही समजावून सांगावे लागते. पॉलिप किंवा आतल्या बाजूची लहान गाठ दुर्बिणीतून काढता येते आणि मूल हवे असलेल्या स्त्रीत मोठ्या गाठीही गर्भाशय ठेवून काढता येतात. "पिशवी साफ करणे" म्हणजे क्युरेटिंग, हे मुख्यतः अस्तर तपासण्यासाठी आणि तातडीने रक्त थांबवण्यासाठी असते. तेवढ्याने दुखणे कायमचे जाईल असे समजू नये.

गर्भाशय काढण्याचा पर्याय या सगळ्यानंतर येतो. कर्करोग किंवा अस्तराची धोकादायक वाढ असेल, गाठी फार मोठ्या असतील, औषधे आणि तांबी करूनही फरक पडला नसेल, तर तो योग्य ठरतो, आणि सर्व समजून-उमजून हा निर्णय घेणाऱ्या बाईला कोणी बोल लावण्याचे कारण नाही. पण बीड जिल्ह्यात जे घडले ते असे नव्हते. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहांमागे एकीचे. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. कामावर न गेल्यास खाड्याची कपात, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडात ना शौचालय ना पाण्याची सोय, आणि त्यावर "कॅन्सर होईल" ही भीती, असे सारे एकत्र आल्यावर पंचविशी-तिशीतल्या बाईला पिशवी काढणे हीच सुटका वाटली, यात नवल नाही. फायब्रॉइडचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ आहे, हे तिला कोणी सांगितले नाही. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली, आणि अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर नेमके कोणते निदान झाले आहे, अस्तराचा तुकडा तपासला का, कोणती औषधे आधी द्यायची राहिली आहेत आणि बीजकोश ठेवणार की काढणार, हे स्पष्ट विचारावे. तरुण वयात बीजकोशही काढले तर पाळी जाण्याची सारी लक्षणे एकदम येतात, आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलता येत नाही, तेव्हा लगेच फडावर जाऊन मोळ्या वाहणे शक्य नसते. दुसरे मत घेण्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, तसेच लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळच्या जिल्हा, स्त्री किंवा उपजिल्हा रुग्णालयातही तपासणी होते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत.

तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांनी उपचारांचे वेळापत्रक हंगामाशी जुळवणे सोयीचे ठरते. कोणतेही औषध गुण देते की नाही, हे ठरवायला साधारण तीन पाळ्या लागतात, म्हणून दसऱ्याच्या तोंडावर दवाखाना गाठण्यापेक्षा उन्हाळ्यात परतल्याबरोबर सुरुवात करावी. संप्रेरकाची तांबीही त्याच वेळी बसवली, तर सुरुवातीचे अनियमित महिने घरी निघून जातात. निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहून लोहाच्या आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या हंगामभर पुरतील एवढ्या बरोबर घ्याव्यात, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

काही वेळा मात्र थांबायचेच नसते. ओळीने दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बसल्या जागी दम लागत असेल, किंवा गर्भ असण्याची शक्यता असताना रक्त आणि पोटात कळा असतील, तर १०८ ला फोन करून रुग्णालयात जावे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधांनंतर रक्त येत असेल, तर ते थेंबभर असले तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

ज्यांचे गर्भाशय आधीच काढले आहे, त्यांनी शस्त्रक्रियेचा कागद आणि पेशी-तपासणीचा अहवाल शोधून ठेवावा, आणि बीजकोश व गर्भाशयमुख काढले आहे की नाही हे त्यावरून डॉक्टरांना विचारून घ्यावे. गर्भाशयमुख ठेवलेले असेल तर त्याची नियमित तपासणी पुढेही करावी लागते. बीजकोश काढले असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असल्यास संप्रेरकांचे औषध यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. असे औषध नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत देण्याची पद्धत आहे, आणि पुष्कळ जणींना ते कधी सुचवलेलेच नसते.